दहा बरगड्या

सकाळी दिवा लावून झाला की मी काडी फुंकून विझवते, पाण्याच्या वाटीत टाकते आणि साडेसहाला घराबाहेर पडते. एकोणीस वर्षांत यात फारसा खंड पडलेला नाही. इस्पितळ चालत पंचवीस मिनिटांवर. आमचा एक्स-रेचा विभाग तळमजल्यावर, मागच्या अंगाला. एक लांबट खोली, भिंतीवर छातीच्या उंचीला चौकोनी पॅनेल, समोरच्या टोकाला एक्स-रेची नळी आणि कोपऱ्यात शिशाच्या काचेची माझी केबिन. केबिनमध्ये माइक, बटण, दोन स्क्रीन आणि भिंतीवरचं घड्याळ. छातीचा फोटो काढताना माणूस पॅनेलला छाती टेकवून उभा राहतो, म्हणजे त्याची पाठ माझ्याकडे असते. माझा चेहरा त्याला दिसत नाही. तो फक्त माझा आवाज ऐकतो. श्वास घ्या. धरा. सोडा.

दिवसाचा पहिला फोटो मात्र कोणाचाच नसतो. खोली रिकामी करून मी नुसत्या पॅनेलचा एक फोटो काढते. त्याला आम्ही कोरा फोटो म्हणतो. पॅनेलवर स्वतःचे काही डाग असतात, कुठे जास्त उजेड, कुठे कमी. ते सगळं या फोटोत उतरतं आणि मग दिवसभराच्या प्रत्येक फोटोतून मशीन ते वजा करून टाकतं. म्हणजे रोग्याच्या छातीत दिसेल ते रोग्याचंच. कोऱ्या फोटोआधी पॅनेलला पंधरा मिनिटं विश्रांती द्यावी लागते, कारण आधीच्या फोटोची पुसट छाप त्यावर थोडा वेळ राहते. पॅनेलला विसरायला वेळ लागतो, असं मी नव्या लोकांना शिकवताना सांगत असे.

धाकट्या बहिणीचा खोकला हटेना, तेव्हापासून मी रोज आठ ते नऊ मौन धरू लागले होते. ती बरी होईपर्यंत या तासात तोंडून शब्द काढणार नाही, असं देवाजवळ बोलले होते. रोगी नऊनंतरच यायचे, त्यामुळे कोणाचं काही अडत नव्हतं. रिपोर्ट लिहिणारे आमचे डॉक्टर गमतीनं म्हणायचे, की बाईंकडून आठ ते नऊ हो ऐकायचं असेल तर त्यांच्या मानेकडे बघा.

बहिणीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. अडतीस वर्षांची झाली तरी तेच नाव. ती पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची, गळ्यात शिट्टी, केस कायम ओले, आणि बोलणं असं की समोरच्यानं मध्ये श्वास घ्यायचा म्हटला तरी नंबर लावावा लागे. लहानपणी आम्ही दोघी गावाबाहेरच्या टाकीत बुडी मारायचो. एकीनं पाण्याखाली श्वास धरायचा, दुसरीनं काठावर बसून मोजायचं आणि मोजणारीनं पाण्यावर थाप मारून ‘सोड’ म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. तिला मी सोड म्हणायची, मला ती. एकदा मी फुलपाखराच्या नादी लागले आणि विसरले. ती वर आलीच नाही. मी ओरडले तेव्हा निळी होऊन वर आली, टाकीच्या कठड्यावर आपटली आणि तिच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण थोडं वाकडं. प्रत्येक फोटोत ती गाठ मला दिसायची.

चार महिने खोकला, दोन फोटो, आणि डॉक्टरांचं म्हणणं एकच. उजव्या फुप्फुसात काहीतरी आहेसं वाटतं, पण इतकं पुसट की आहे म्हणता येत नाही आणि नाही म्हणवत नाही. लहान असतानाच सापडलं तर काढून टाकता येईल. मोठं झाल्यावर सापडून उपयोग नाही. ते म्हणाले, तिला पूर्ण श्वास भरायला लावा आणि फोटो तुम्ही स्वतः साफ करा.

त्या दिवशी ती तलावावर जाण्याआधी येणार होती. साडेसातला ये म्हटलं होतं, आली आठला पाच कमी असताना. बसचं, पावसाच्या चिखलाचं आणि कोणा मुलाच्या हरवलेल्या चपलेचं सांगत सांगतच तिनं गाऊन घातला. मी तिची हनुवटी पॅनेलवर टेकवली, खांदे पुढे ओढले आणि केबिनमध्ये गेले.

“घे,” मी माइकवर म्हटलं. तिची पाठ फुलली. “धर.”

बटण दाबलं. फोटो स्क्रीनवर उमटला आणि मी घड्याळाकडे पाहिलं. काटा आठवर होता.

शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. काचेमागून हात हलवला, पण तिची पाठ माझ्याकडे होती. शिशाचं दार जड आहे, ते ढकलून तिच्यापर्यंत जायला पंधरा-वीस सेकंद लागले असतील. मी तिच्या खांद्यावर थाप मारली. ती वळली, हसली.

“सोड म्हणाली नाहीस, ताई,” एवढंच म्हणाली आणि कपडे बदलायला गेली.

तिची छाती खाली गेलेली मी पाहिली का, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. पाहिलेलं आठवत नाही.

तिची वाट पाहण्यात त्या सकाळचा कोरा फोटो काढायचा राहिला होता, आणि उशीर झाला म्हणून मी पंधरा मिनिटं थांबले नाही. ती दाराबाहेर पडताच कोरा फोटो काढला. नंतर परत काढू असं मनाशी म्हटलं, आणि तिचा फोटो उघडून बसले तो नऊ वाजेपर्यंत उठलेच नाही.

हे काम कसं चालतं ते सांगायला हवं. करड्या फोटोतलं पुसट काही उठवायचं म्हणून सगळाच फोटो भडक केला, तर हाडं पांढरीफटक होतात आणि बाकीचं काळोखात जातं. म्हणून सॉफ्टवेअर एका फोटोचे आठ थर करतं, जसं एकच पीठ आठ चाळण्यांतून काढावं. सगळ्यात जाड थरात देहाचा नुसता आकार, खांदे आणि कंबर. मग बरगड्या. मग रक्तवाहिन्या. शेवटच्या थरात वाळूसारखी करकर. प्रत्येक थरात जे दुबळं आहे ते थोडं उचलायचं, जे दांडगं आहे ते थोडं दाबायचं, आणि आठही थर पुन्हा एकावर एक ठेवायचे. घाई केली तर नसलेलं दिसू लागतं. मला ते काम आवडायचं. देवाचं नाव घेता घेता होत असे.

पाचव्या थरात तो ठिपका सापडला. वाटाण्याएवढा, दोन बरगड्यांच्या मध्ये. श्वास पूर्ण भरलेला होता म्हणून श्वासपटलाच्या वर दहा बरगड्या मोजता येत होत्या. सोडलेला असता तर आठच दिसल्या असत्या आणि तो लपला असता. डॉक्टर पुष्कळ वेळ पाहत राहिले. वेळेत सापडला, म्हणाले. आठवड्यानं आणखी एक फोटो, आणि लगेच ऑपरेशन. मी केबिनमध्ये येऊन भिंतीला डोकं टेकलं.

दुपारी डॉक्टरांनी मला पुन्हा बोलावलं. त्या दिवसाच्या सगळ्याच रोग्यांच्या फोटोत मागे काहीतरी होतं. उलट रंगातलं, जिथे पांढरं हवं तिथे किंचित काळं. खांद्यांची कमान. माझ्या लगेच लक्षात आलं आणि मी चूक कबूल केली. बहिणीची छाप न पुसलेल्या पॅनेलवर मी कोरा फोटो काढला होता आणि दिवसभर मशीन प्रत्येक रोग्यातून तिला वजा करत होतं. डॉक्टर हसले. तुमच्याकडून एवढं चालायचंच, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पॅनेल रात्रभर थंड झालेलं होतं. तरी मी पंधरा मिनिटं मोजून थांबले, रिकाम्या खोलीचा फोटो काढला आणि खात्रीसाठी त्याचे थर उघडले.

पहिल्या थरात खांदे होते. दुसऱ्या थरात बरगड्या, दहा. डाव्या खांद्याच्या हाडावर गाठ.

कालच्यापेक्षा ठळक.

मशीन दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. शांत, पिकल्या मिशांचे गृहस्थ. त्यांनी तारा बदलल्या, मग चौथ्या दिवशी नवं पॅनेल आणून माझ्यासमोर खोक्यातून काढलं. पहिलाच फोटो कोरा काढला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. मग नळीसमोर जाऊन त्या मोकळ्या जागेतून हात फिरवला, आंधळा माणूस दार शोधतो तसा. परत आले ते हात पँटला पुसत.

“प्लेट नवी, तारा नव्या,” ते म्हणाले. “बाई, तुम्ही ते थर उघडणं बंद करा. आहे ते आहेच, पण निदान दिसणार नाही.”

घरी सगळे आनंदात होतो, कारण भिंगरीचा खोकला थांबला होता. त्या सकाळपासून ती एकदाही खोकली नाही. मी देवापुढे दोन दिवे लावले. मग हळूहळू काही गोष्टी माझ्या नजरेला आल्या. ती चहावर फुंकर मारीना, कप समोर ठेवून निवायची वाट पाहायची. चष्मा पुसताना काचेवर वाफ सोडायची सवय होती, ती गेली. तलावावर डबा द्यायला गेले तर ती मुलांना टाळ्या वाजवून बोलावत होती. शिट्टी गळ्यात तशीच. बोलणं वाक्यावरून शब्दावर आलं, शब्दावरून मानेवर. मी विचारलं तेव्हा पुटपुटली, “तुझं मौन लागलं मला.” मी हसले. ती हसली नाही, तिचे फक्त ओठ हलले.

रविवारी दुपारी ती आडवी झाली होती. मी दारात उभी राहून तिच्या अंगावरची चादर पाहत होते. स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. चादरीची एक घडी तिच्या छातीवर उभी राहिली होती, कागदाच्या होडीसारखी. मी तिथे अकरा मिनिटं उभी होते. ती घडी पडली नाही.

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. जागीच होती.

आठवडा झाला. ठरलेला फोटो मी मुद्दाम सातला काढला. घे म्हटलं, तिची पाठ हलली नाही. धर म्हटलं, बटण दाबलं. सोड म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, मग तिसऱ्यांदा, मोठ्यानं. तिचे खांदे उतरले नाहीत.

स्क्रीनवर सपाट करडा रंग होता. मी आठही थर उघडले. एकातही करकरसुद्धा नव्हती.

डॉक्टरांनी विचारलं, कोराच फोटो कसा पाठवला. ती उभी होती असं मी सांगितलं. त्यांनी जुना फोटो मागवला, वाटाणा दिसलेला. तारीख बरोबर, वेळ बरोबर. उघडला तर तोही करडा. त्यांनी तिला समोर बसवून छातीला तपासायची नळी लावली, पाठीला लावली, कानातून काढून पुसली, पुन्हा लावली. शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या स्कॅनचं मशीन होतं, तिथे पाठवलं. तिथल्या माणसानं तीनदा करून पाहिलं आणि आपलंच मशीन बिघडलं समजून आमची माफी मागितली.

“तुम्ही पाहिलाय ना तो,” मी डॉक्टरांना म्हटलं. “तुमच्या डोळ्यांनी पाहिलाय.”

“मी पाहिला होता म्हणून कोणी छाती उघडत नाही, बाई.”

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. आजार तिला होता आणि तो कुठेच दिसत नव्हता. कोऱ्या फोटोत मात्र ती रोज भरत होती. मी थर उघडायचं सोडून दिलं, तरी नुसत्या डोळ्यांना बरगड्या दिसू लागल्या. आणि इकडे तिचा रंग जात होता. फिकी झाली असं नाही. उठाव जात होता. ओठ आणि गाल एकाच छटेचे झाले, मग केस आणि कपाळ. उजेडाकडे पाठ करून बसली की मागची भिंत कुठे संपते आणि ती कुठे सुरू होते ते शोधावं लागे. तलावावरची मुलं धावताना तिला धडकू लागली. खोड्या नव्हत्या त्या. धडकल्यावर दचकायची बिचारी. मग तिनं तलावावर जाणं सोडलं.

हातांनी पुसटाला उठवायचं काम मी एकोणीस वर्षं केलं होतं. बहिणीच्या बाबतीत कोणता थर धरायचा ते मला सुचेना. मी तिचा हात चोळत बसायची.

एका संध्याकाळी तिनं पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, ‘तू अजून सोड म्हणाली नाहीस.’

मी म्हटलं, “त्या दिवशी माइकवर तीनदा म्हटलं, भिंगरे.”

तिनं मान हलवली. खाली लिहिलं, ‘तेव्हा नाही. आठला.’

रात्रभर मी देवासमोर बसले नाही, नुसती पडून राहिले. देवाला दिलेला शब्द तिच्यासाठीच होता. तो मोडला तर तिचं काय होईल, याची भीती. आणि पाळला म्हणूनच हे झालं, हेही कळत होतं. त्या तासात मी तिला बरं कर म्हणत होते आणि ती पाण्याखाली होती.

सकाळी दिवा लावला. कबूल करून टाकलं, की आज बोलणार आहे. मला क्षमा मागायचं सुचलं नाही.

आठला दहा कमी असताना ती पॅनेलसमोर उभी राहिली. मी तिची हनुवटी टेकवली. गाऊनमधून खांदे हाताला लागत होते, डोळ्यांना नीट दिसत नव्हते. मी केबिनमध्ये गेले. घे म्हटलं नाही, धर म्हटलं नाही. ते सांगून झालेलं होतं.

काटा सरकत होता. मी श्वास धरून काचेमागे उभी होते.

आठ.

“सोड,” मी म्हटलं.

तिचे खांदे उतरले.

श्वास बाहेर आला. पॅनेलवर वाफ पसरली, तळहाताएवढी, मग ताटाएवढी.

मी मोजायला लागले. टाकीच्या काठावर मोजायची तशी.

वीस. चाळीस. तो थांबत नव्हता. त्यात शिट्टीचा बारीक आवाज होता. चहावरची फुंकर होती. न बोललेल्या शब्दांची मागची बाजू होती. शेवटी खोकला होता, महिनाभराचा, एकामागून एक.

नव्वदला तिनं मागे वळून पाहिलं. ओठ लाल होते, केस काळे, गाल गव्हाळ. इतकी ठसठशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

“किती उशीर केलास, ताई,” ती म्हणाली. लाडानं म्हणाली. मग पुन्हा पॅनेलकडे वळली आणि हनुवटी टेकवली.

माझ्या अंगठ्यानं सवयीनं बटण दाबलं.

ती पॅनेलला धरून खाली बसली आणि मी दार ढकलून पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं.

तो फोटो डॉक्टरांनी नंतर पाहिला. त्याला काहीच करावं लागलं नव्हतं, एकही थर उचलावा किंवा दाबावा लागला नव्हता. इतका स्पष्ट फोटो आपल्या हातून कधी गेला नाही, असं ते अगदी हळू म्हणाले. बरगड्या आठ. उजव्या बाजूला वाटाण्याच्या जागी मूठ होती. कागदावर मृत्यूचं कारण लिहायला कोणाला अडचण आली नाही.

तेरा दिवसांनी कामावर गेले. पंधरा मिनिटं थांबून कोरा फोटो काढला. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ होता. दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी सांगितलं होतं, तरी मी थर उघडले.

पहिल्या थरात खांदे होते. अरुंद. दुसऱ्यात बरगड्या, दहा. खांद्याची हाडं दोन्हीकडे सरळ, कुठेही गाठ नाही.

मी स्क्रीन बंद केला. माझं मौन सुटलं आहे, पण रोग्यांना सूचना द्यायला आता दुसऱ्या एक बाई बसतात, कारण माझा आवाज माइकपर्यंत पोहोचत नाही असं सगळे म्हणतात. म्हणून हे लिहून ठेवते आहे. टाकीवरचा नियम माहीत असलेलं दुसरं माणूस आता कोणी नाही.

आज सकाळी दिवा लावला. काडी ओठांजवळ धरली आणि नेहमीसारखी फुंकर मारली. ज्योत सरळ उभी राहिली. मी पुन्हा गाल फुगवले. काडी जळत बोटांपर्यंत आली, तेव्हा ती वाटीतल्या पाण्यात बुडवली.